हरकतताईंनी टाळी वाजवली नाही

शोकसभेत हरकत घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. दिल्लीतल्या आमच्या मराठी चित्रपट मंडळाचे एक जुने सभासद, अप्पा, वारले होते. पहाडगंजच्या शाळेचा हॉल, समोर टेबलावर फोटो, फोटोला हार. एक वक्ते गहिवरून म्हणाले, "अप्पांना मी कधी रागावलेलं पाहिलं नाही." मधल्या रांगेतून एक हात वर आला.

"माझी हरकत आहे. अप्पा रागवायचे, आणि फार छान रागवायचे. त्यांचा राग काढून टाकलात तर ह्या फोटोत उरलं कोण?"

मग अप्पांच्या पत्नीच आधी हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. पुढे किती तरी दिवसांनी त्या मला म्हणाल्या की, त्या सबंध सभेत अप्पा काय ते तेवढ्यापुरतेच हजर होते.

हात वर करणाऱ्या ताईंचं नाव यशोधरा. मंडळात त्यांना सगळे हरकतताई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. दिल्लीत ह्या नावाची एक वेगळीच गंमत होती. हिंदीत हरकत म्हणजे आगळीक, नको तो चाळा. त्यांचा मुलगा दिल्लीतच वाढलेला, नोएडात नोकरीला. मराठी समजायचं, पण आडवळणाचे शब्द त्याच्या हातून निसटलेले. आई मंडळात जायला निघाली की तो म्हणायचा, "मम्मी, आज कोई हरकत मत करना." ताई चपला घालता घालता म्हणायच्या, "मराठीत घेते, हिंदीत करते. काम एकच आहे."

ताई मूळच्या उमरेडकडच्या. वडील सूतगिरणीत होते. घरात एक बुद्धाची तसबीर, एक बाबासाहेबांची, आणि अभ्यासाला बसायची जागा त्या दोन तसबिरींच्या बरोबर खाली. परीक्षा देऊन ताई दिल्लीला एका मंत्रालयात कारकून म्हणून लागल्या आणि अवर सचिव होऊन निवृत्त झाल्या. हरकत घ्यायची सवय फायलींवरच लागली असं त्या सांगत. "फाइलवर 'सहमत' लिहायला शाई कमी लागते, म्हणून लोक तेच लिहितात. आपली शाई कशाला वाचवायची? सरकारचीच तर होती." साहेबांशी त्यांचं पटत नसे, पण साहेब बदलून जाताना नव्या साहेबांना सांगून जात, की अडचणीचा कागद आधी त्या बाईंना दाखवा.

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मी हिंगोलीहून दिल्लीला येऊन पुरता फसलेला होतो. कलेक्टर व्हायला आलो होतो. ते जमलं नाही, आणि घरी परत जायचा धीर होत नव्हता, म्हणून नोएडात एका वाहिनीत व्हिडिओ एडिटरचं काम धरलं. रविवारी मंडळाचा सिनेमा बघायला जायचो, कारण तिथे दोन तास मराठी कानावर पडायचं. ताई मला पहिल्यापासून 'एडिटर' म्हणायच्या. मंडळात मला माझ्या अपयशावरून न ओळखणाऱ्या त्या पहिल्याच.

एका रविवारी जो सिनेमा होता तो एका दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट. त्याचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं तर अर्धे वाचक लगेच त्याच्या बाजूने होतील आणि अर्धे विरुद्ध. कोळशाच्या खाणीसाठी उठवल्या जाणाऱ्या एका गावाची ती गोष्ट. गाणं नाही, मारामारी नाही, बोलणंही बेताचंच. मध्यंतरापर्यंत निम्मा हॉल रिकामा झाला. आमचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, सगळ्यांची माफी मागायला उठले. "पुढच्या वेळी हलकंफुलकं काहीतरी ठेवू," म्हणाले.

"हरकत आहे," ताई म्हणाल्या. "माफी कसली मागता? ज्यांना घरी जायचं होतं ते गेले. आम्ही बसलोय ना?"

त्या सिनेमात शेवटाकडे एक दृश्य आहे. एक म्हातारी उंबऱ्यावर बसून रडते. बाकी काही होत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. सिनेमा संपल्यावर ताई बराच वेळ जागच्या उठल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "एडिटर, आमच्याकडच्या बाईच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबलेला कॅमेरा मी आजवर पाहिला नव्हता. लोक एक नजर टाकतात आणि पुढे जातात. हा माणूस थांबला."

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दिग्दर्शकाची मंडळातली वकिली ताईंनीच केली. तो गरिबी विकतो, म्हणणाऱ्यांशी भांडल्या. तो फक्त परदेशातल्या महोत्सवांसाठी सिनेमे काढतो, म्हणणाऱ्यांना त्यांनी चहा गार होईस्तोवर सोडलं नाही. त्याच्याविषयी कोणी वेडंवाकडं लिहिलं की कात्रण पर्समध्ये घालून आणायच्या आणि त्यातली एकेक ओळ खोडून काढायच्या.

आणि मग ती मुलाखत माझ्याच टेबलावर आली. आमच्या वाहिनीने दिग्दर्शकाला बोलावलं होतं. मुलाखतकाराने त्याच दृश्याबद्दल विचारलं. तो खुर्चीत जरा मागे रेलला आणि मजेत सांगायला लागला. ती बाई नटी नव्हती, त्याच गावातली होती. काही केल्या रडेना. शेवटी कॅमेरा लावून ठेवला आणि एकाला तिच्याकडे पाठवून सांगायला लावलं, की तुझ्या मुलाच्या मोटारसायकलला कोळशाच्या ट्रकने उडवलं. शॉट मिळाल्यावर खरं काय ते सांगून टाकलं. "अभिनय शिकवायला वेळ कुठे होता?" असं म्हणून तो हसला. मुलाखतकारही हसला. मी ते दोघांचं हसणं जसंच्या तसं ठेवलं.

मुलाखत लागायच्या आधी मी ताईंना सांगितलं. आम्ही मेट्रोने नोएडाकडे परतत होतो. यमुनेचा पूल आला तेव्हा त्यांनी विचारलं.

"सांगताना हसला का तो?"

"हो."

"अच्छा," एवढंच म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत पर्सचा बंद उघडत होत्या आणि लावत होत्या.

नेमकं त्याच सुमाराला मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष आलं. दिग्दर्शक एका महोत्सवासाठी दिल्लीला येणार होता. अध्यक्षांनी त्याच्याकडे शब्द टाकला आणि तो चक्क हो म्हणाला. शाल, श्रीफळ, मानपत्र असा बेत ठरला. बैठकीत अध्यक्षांनी बातमी सांगितली, सगळ्यांनी बाकं वाजवली आणि हात वर आला.

"हरकत आहे."

"ताई, तुम्ही?" अध्यक्षांना खरंच कळेना. "अहो, तुम्हीच तर त्यांना आम्हाला आवडायला शिकवलंत."

"म्हणून तर बोलते आहे."

त्यांनी मुलाखतीतलं सगळं शांतपणे सांगितलं. काही जणांनी ती पाहिली होती, पण त्यांना त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नव्हतं. साजिद म्हणून परभणीचा एक मुलगा होता, राजेंद्रनगरात राहून परीक्षेची तयारी करणारा, हुशार आणि त्या दिग्दर्शकाचा निस्सीम भक्त. तो उठला.

"ताई, ताजमहाल बांधताना मजुरांचे काय हाल झाले असतील. म्हणून आपण तो बघायचा सोडतो का?"

"बिल्कुल नाही. मी चार पाहुण्यांना नेऊन दाखवलाय. पण शहाजहानला शाल घालायला गेले नाही."

हसू फुटलं. साजिद मागे हटला नाही. "मग चांगला सिनेमा काढणाऱ्याला चांगलं म्हणायचंच नाही का?"

"सिनेमाला म्हण. रोज म्हण, मीही म्हणते. पण मानपत्र सिनेमाच्या हातात देता येत नाही, बाळा. ते माणसाच्या हातात द्यावं लागतं. तो घेताना फोटो निघतो. आणि त्या फोटोचा अर्थ होतो, की ठीक आहे, केलंस ते ठीक केलंस."

"पण ताई, त्याने तसं केलं नसतं तर ते दृश्यच झालं नसतं. तुम्हीच म्हणाला होतात, आपल्या माणसांवर असा कॅमेरा कोणी थांबवला नव्हता."

हा घाव मात्र लागला. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच झोप लागत नाहीये मला. तो थांबला, असं वाटलं होतं. तो टपून बसला होता."

मतं घेतली. ताईंच्या बाजूने मी आणि आणखी मोजके हात. ठराव दणदणीत बहुमताने मंजूर झाला. मंडळात ताईंइतकं चांगलं मराठी लिहिणारं कोणी नव्हतं, म्हणून अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "मानपत्र मात्र तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं त्यांचं काम कोणाला कळलंय?" मला वाटलं, आता बाई भडकणार.

"लिहीन," त्या म्हणाल्या. "फक्त त्या म्हातारीचं नाव घालून लिहीन. काय नाव तिचं?"

कोणालाच माहीत नव्हतं. साजिदने मोबाइलवर सिनेमाच्या शेवटची श्रेयनामावली काढली. तिथे लिहिलं होतं, 'आणि समस्त गावकरी'.

त्या आठवड्यात ताई नागपूरच्या गाडीत बसल्या. मुलगा नको नको म्हणत होता. ते गाव त्यांच्या माहेरापासून काही फार लांब नव्हतं. परत आल्यावर मला घरी बोलावलं आणि गॅसवर भाकरी टाकता टाकता सांगितलं. म्हातारी जिवंत आहे. नाव सगुणाबाई. मुलगा टेम्पो चालवतो, धडधाकट आहे. खाण गावाच्या आणखी जवळ सरकली आहे. सिनेमा तिने पाहिलेला नाही, तो बघायचा असतो हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाली तुम्हाला?"

"आधी मला विचारलं, मी कशी दिसतो वो बाई त्याच्यात? मी म्हटलं, चांगल्या दिसता. तर रुसलीच. म्हणे, माह्या पेटीत चांगलं लुगडं होतं. त्यानं मले फाटकं नेसवलं, कोणाचं होतं काय मालूम." ताईंनी भाकरी उलटली. "मग निघताना म्हणाली, पोरगा घरी याले उशीर झाला का माह्या छातीत अजूनई तसंच होते. एवढंच. रडली नाही, तक्रारही केली नाही. मला तिने पोहे खायला घातले."

समारंभाच्या दिवशी हॉल भरून वाहत होता. दिग्दर्शक उंच, दमलेल्या चेहऱ्याचा, वागायला सभ्य. दारात त्याने ताईंना वाकून नमस्कार केला, कारण अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं, की ह्या तुमच्या सगळ्यात जुन्या चाहत्या. मानपत्राचं वाचन सुरू झालं. भाषा ताईंचीच, सुरेख. खाणीचा धूर, उंबरा, त्या चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा. आणि पुढचं वाक्य, ज्यात सगुणाबाईंचं नाव होतं आणि त्यांना काय सांगून रडवलं ते होतं, ते वाचलंच गेलं नाही. कार्यकारिणीने आदल्या दिवशी काढून टाकलं होतं. नको तो वाद, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून.

ताई उभ्या राहिल्या. "हरकत आहे. एक वाक्य राहिलं."

अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "ताई, आज नको."

"आजच. उद्या हे गावाला जातील."

आणि त्यांनी ते वाक्य पाठ म्हणून दाखवलं. आवाज चढवला नाही. फाइलवरची टिप्पणी वाचावी तसं. दिग्दर्शकाने माइक मागून घेतला. तो चिडलेला नव्हता. म्हणाला, "मॅडम, तुमची भावना मी समजू शकतो. पण तो चेहरा जगभर पाहिला गेला. मी तिथे गेलो नसतो तर त्या बाईंना कोण ओळखत होतं?"

"आता कोण ओळखतं? तुम्ही ओळखता? आत्ता मी वाक्य म्हणाले, त्यात नाव होतं. सांगा बरं."

तो बोलायला गेला आणि थांबला. त्याला नाव आठवेना. नुकतंच ऐकलेलं, पण कानाआड झालेलं. त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र गोंधळ आला. माझा त्याच्यावर राग होता, तरी त्या वेळी त्याची मला थोडी कीव आली.

"सगुणाबाई," ताई म्हणाल्या. "आता झालं. द्या मानपत्र."

त्या बसल्या. शाल घातली गेली, फोटो निघाले आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मला वाटतं, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोराने, झाला प्रकार बुजवून टाकायला. त्या उभ्या माणसांच्या गर्दीत ताई मांडीवर पर्स घेऊन, पर्सवर हात ठेवून बसून राहिल्या. मान खाली घातलेली नव्हती. समोरच्याच्या पाठीकडे बघत होत्या. मी शेजारी बसून होतो आणि माझे कान तापले होते. लोक वळून वळून बघत होते. ताईंनी हलकेच विचारलं, "लाज वाटते का रे?" मी म्हटलं, "थोडी." "वाटू दे. पण उठू नकोस."

साजिद शेवटपर्यंत उभा राहून टाळ्या वाजवत होता. नंतर तो जिन्यात भेटला. "ताई, मी चुकलो असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोस. तुझी टाळी तुझी आहे. प्रोजेक्टर चालवता येतो का तुला?"

असे आम्ही तिघं सगुणाबाईंच्या गावी गेलो. बुद्धविहाराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. सगळं गाव जमलं. सगुणाबाई हिरवं कोरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत खुर्चीवर. सिनेमा चालू असताना लोक आपापली घरं, बैल, मेलेली माणसं ओळखत होते आणि मोठ्याने नावं घेत होते. चादरीवर आपलीच विहीर दिसताच एका म्हाताऱ्याने पदराआड तोंड लपवणाऱ्या सुनेला हाक मारली. दिल्लीत ज्या सिनेमाला निम्मा हॉल उठून गेला, त्यातून इथे एक माणूस हलला नाही.

ते दृश्य आलं. चादरीवर म्हातारी रडत होती आणि खाली खुर्चीत ती स्वतःला बघत होती. तिचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याने तोंड फिरवलं आणि बाहेर निघून गेला. दिवे लागल्यावर ताई तिच्याजवळ जाऊन बसल्या, काही विचारलं नाही. सगुणाबाई स्वतःच म्हणाली, "रडनं त माहंच हाये. पण कायले रडली, हे त्यात काई सांगतलं नाही."

परतीच्या गाडीत साजिद खिडकीबाहेर बघत होता. ताईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "सिनेमा चांगलाच आहे रे. हीच तर खरी पंचाईत आहे. वाईट असता तर सोपं होतं."

समारंभानंतर कार्यकारिणीने ताईंना पुन्हा बोलावलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. तिकीट काढून साध्या प्रेक्षकासारख्या येत राहिल्या. दुसऱ्या वर्षी त्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा आला. झाल्या प्रकाराने अवघडलेल्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की ताईंच्या भावनांचा मान ठेवून आपण तो दाखवणार नाही. मागच्या रांगेतून हात वर आला.

"हरकत आहे. दाखवा. मी शाल घालू नका म्हटलं होतं, डोळे मिटा नव्हतं म्हटलं."

सिनेमा दाखवला गेला. ताईंना तो आवडला नाही, आणि का आवडला नाही हे त्यांनी चहावर इतकं बारकाईने सांगितलं, की साजिद वही काढून बसला. साजिद आता मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. त्या दिग्दर्शकावर त्याचं अजून तितकंच प्रेम आहे. वर्गात तो सिनेमाही दाखवतो आणि सगुणाबाईंची हकिकतही सांगतो. मुलं वर्गभर भांडतात, म्हणे, आणि निकाल काही लागत नाही.

ताई मागच्या थंडीत गेल्या. शेवटचे काही महिने बोलणं कमी झालं होतं. मी भेटायला गेलो की कामाचं विचारायच्या. कोणाची मुलाखत होती, काय ठेवलं, काय कापलं. कापलेलं सांगताना मला नेहमी थोडं जपून बोलावं लागे.

यंदा त्या दिग्दर्शकाला मोठा सन्मान जाहीर झाला. आमच्या वाहिनीवर त्याच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचं ठरलं आणि तो माझ्याकडे आला. ते दृश्य घ्यावंच लागणार होतं, ते टाळणं खोटेपणा झाला असता. मी ते लावलं आणि खाली पट्टी टाकली : सगुणाबाई, ज्यांना मुलाच्या अपघाताची खोटी बातमी सांगून हे दृश्य चित्रित केलं गेलं.

प्रोड्यूसर मागे येऊन उभा राहिला. "यार, ये क्या है? सन्मानाचा कार्यक्रम आहे. निदान ते नावापुढचं तरी काढ. नुसतं नाव राहू दे."

"नाही काढणार."

"चार सेकंदांची पट्टी. कोण वाचणार आहे?"

"तिचा मुलगा," मी म्हणालो.

वरच्यांना विचारतो, असं म्हणून प्रोड्यूसर गेला. मी फाइल सेव्ह केली, खुर्ची पुढे ओढली आणि तो परत यायची वाट बघत बसून राहिलो.